भोंग्याचे पन्नास शब्द

३ मार्च
भोंगा, माझा धाकटा भाऊ, बोलला! सगळं अंग लुळं पडल्यापासून पहिल्यांदाच. पडद्यावर उमटलं — "ताई. पाणी." मी वर्गातल्या मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

शास्त्र शिकवण्यात हयात गेली, म्हणून नीट लिहून ठेवते. बोलायचं म्हटलं की मेंदू जिभेला, ओठांना हुकूम सोडतो. माझ्या भावाचे हुकूम आजही सुटतात; ते पोचत मात्र नाहीत. मेंदूवर बसवलेली नखाएवढी पट्टी ते टिपते आणि संगणक ओळखतो — हा 'पाणी'चा, हा 'ताई'चा. मनातले विचार नव्हेत, बोलण्याचा प्रयत्न! हा फरक भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दहादा सांगावा लागतो.

५ मार्च
संगणकाला सध्या पन्नासच शब्द शिकवता येतात. यादी मी केली. घर, उशी, दुखतं, डॉक्टर, धन्यवाद... 'हो' आणि 'नाही' यांवर जागा खर्च केली नाही. ते तो पापण्यांनी सांगतोच. एकदा मिटल्या तर हो, दोनदा तर नाही.

भाची हसली. "आत्या, बाबांच्या तोंडी 'धन्यवाद'? एखादी शिवी घाल, म्हणजे ओळखीचे तरी वाटतील!" लिलाव पुकारून बाजार डोक्यावर घेणारा माणूस तो, म्हणून तर 'भोंगा'; तिचंही खरंच. 'गाढवा' घातला.

८ मार्च
"गाढवा. उशी." तंत्रज्ञ इतका खूश झाला, की उशी द्यायचंच विसरला!

१२ मार्च
डॉक्टरीणबाईंनी दुसरं ऑपरेशन सुचवलं. आणखी एक पट्टी — हजार शब्द! धोका आहेच: रक्तस्राव, जंतुसंसर्ग. भोंग्याला मी आकृत्या काढून सगळं समजावलं. मग आम्ही सगळे पडद्याकडे वळलो. "डॉक्टर. धन्यवाद."

झालं की! तारीख पक्की — बावीस.

१४ मार्च
हजारांची यादी सुरू केली. 'क्षितिज' घ्यावा का?

१७ मार्च
भाचीने आज मला जिन्यात गाठलं. "ऑपरेशनचं नाव काढलं की बाबा दोनदा पापण्या मिटतात. तू बघतेस कुठे? पडदा आल्यापासून त्यांच्या तोंडाकडे कुणी बघतच नाही!"

मी उसळले. "मग 'धन्यवाद' कशाला म्हणाला?"

"दुसरं काय म्हणणार? तूच दिलेत ना शब्द!"

नकाराचा एकही शब्द मी त्याला दिलेला नाही. पापण्यांनी दिलेलं उत्तर वाचायला समोर बघणारं माणूस लागतं — इतकी साधी गोष्ट, आणि ती माझ्या ध्यानात येऊ नये!

तंत्रज्ञाला म्हटलं, यादीतले कुठलेही दोन शब्द काढ आणि दोन नवे घाल. 'ऑपरेशन' आणि 'नको'. "बावीसच्या आत जमेल?" "बघतो, बाई."

२१ मार्च
"ताई. ऑपरेशन. नको. घर."

मी खुर्ची पुढे ओढली, पेन्सिल काढली. "अरे, आधी शांतपणे ऐकून घे. मेंदूचा हा भाग —"

"गाढवा. नको."