दहा महिन्यांत झिजलेली दाढ

नेकारसुल्म, जर्मनी, ९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना विभावरीचा सा. न. वि. वि.

जानेवारीत सांगलीला आले तेव्हा तुम्ही माझ्या दाढेत दाताच्या रंगाचं फिलिंग भरलंत, ते दहा महिन्यांत पार सपाट झालंय. इथल्या डेंटिस्टबाईंनी स्क्रीनवर दाखवलं, तरी विश्वास बसेना. हे कुणी भरलं, असं त्यांनी विचारलं. वडिलांनी, हे मी सांगितलंच नाही. आल्झो, म्हणजे ‘तर मग’, आता सिरॅमिक बसवा म्हणतात. फोटो या ईमेललाच जोडतेय. तुमचा जावई गौरांग मजेत, कामात बुडालाय.

लोभ फिलिंगपेक्षा जास्त टिकू दे.

विभा

सांगली, ११ नोव्हेंबर

चि. विभास अ. आ.

फोटो पाहून हादरलो. हेच मटेरियल सहा वर्षांपूर्वी शेजारच्या लताकाकूंना भरलंय, अजून शाबूत आहे. वाटलं, माझाच हात चुकला. मग फोटोत तुझी त्याच्या बाजूची दाढ पाहिली. तिला मी कधी हातही लावलेला नाही, तरी तीही घासली गेली आहे. जेवणाने फिलिंग झिजायला वर्षं लागतात. दहा महिन्यांत एवढं झिजतं ते झोपेत दातावर दात घासल्याने. जानेवारीत तुला ही सवय नव्हती. सिरॅमिकची घाई नको. ते टिकेल, पण त्यावर घासणारा दात झिजेल. आधी झोपताना दातांवर घालायचं कव्हर करून घे.

बाळा, काय झालंय? फोनवर हसून टाळशील, म्हणून लिहून विचारतोय.

बाबा

नेकारसुल्म, १४ नोव्हेंबर

ती. बाबा, सा. न.

तुमचं पत्र कँटीनमध्ये वाचलं आणि जेवणाचा ट्रे तसाच ठेवून बाहेर आले.

गौरांग मार्चमध्ये घर सोडून गेला. हॅम्बर्गला असतो, दुसऱ्या कुणाबरोबर. रविवार होता, मी पोहे करत होते आणि तो बॅग घेऊन दारात उभा होता. तेव्हापासून तुम्हाला तो मीटिंगमध्ये आहे असंच सांगत आले. ताण आहे का, असं डेंटिस्टबाईंनीही विचारलं होतं. मी नाही म्हणाले. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं, त्यात तुम्हाला हे कसं सांगणार? दाढेवरून कळेल, हे स्वप्नातही नव्हतं.

रागावू नका.

विभा

सांगली, १६ नोव्हेंबर

चि. विभा,

पत्र वाचून दवाखान्यात पेशंटच्याच खुर्चीत बसून राहिलो. लोकांना परत पाठवलं. जानेवारीत मी गौरांगरावांना तुझी काळजी घ्या म्हटलं, तेव्हा ते हो म्हणाले होते. रागावलोय, पण तुझ्यावर नाही. आठ महिने फोनवर रोज तुझा चेहरा पाहत होतो आणि मला काही दिसलं नाही, हा धक्का जास्त मोठा आहे.

व्हिसासाठी मुंबईची तारीख मिळाली आहे. डिसेंबरात येतो. काही विचारणार नाही. सांगशील तेवढं ऐकेन. तोवर एकटीने रडायची वेळ आली तर फोन लाव, बोलली नाहीस तरी चालेल.

तुझा,
बाबा