नेतृत्वाची व्याख्या आणि काढलेला हातमोजा

सास्काटून,
महिना मार्चचा, थंडी जानेवारीचीच

ती. स्टेफी आत्यास लायलचा सा. न.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस, की गप्पा मारून त्यांनाच थकवून परत येतेस? तू पाठवलेली बीटच्या लोणच्याची बरणी पोचली. झाकण माझ्याच्याने उघडेना, ते शेजारच्या खोलीतल्या मुलीने उघडलं आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून अर्धी बरणी तिनेच संपवली. बाबा म्हणाले, तू हल्ली फोन उचलत नाहीस, ‘ज्याला खरंच काही सांगायचंय तो लिहितो’ असं म्हणतेस. म्हणून लिहायला बसलोय. तसं खास कारण काही नाही, सहजच. माझी तब्येत उत्तम आहे, अब्रूचं तेवढं विचारू नकोस.

तर झालं असं. आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला ‘नेतृत्व’ नावाचा विषय सक्तीचा आहे. शिकवतात प्राध्यापक पेल्की. (त्यांनी स्वतः आयुष्यात एकाच गोष्टीचं नेतृत्व केलंय, विभागाच्या कॉफी मशीनच्या समितीचं, आणि मशीन अजून बंद आहे.) पेल्कींचा नियम असा, की पुस्तकातली व्याख्या चालणार नाही. प्रत्येकाने नेतृत्वाची स्वतःची व्याख्या करायची, एका वाक्यात. मग कुठेतरी खरोखरच चार माणसांचं पुढारपण करून ती वापरून बघायची, आणि शेवटी वर्गात वाचून दाखवायची. एवढ्यावर भागलं असतं तर मी तुला कशाला छळलं असतं? पण वाचताना, ज्यांचं आपण पुढारपण केलं त्यांच्यातला एक साक्षीदार हजर हवा. व्याख्या खरी की थापा, ते त्याने सगळ्यांसमोर सांगायचं. साक्षीदार नाही तर विषय नापास, आणि विषय नापास तर पदवी नाही.

मला पुढारपण कुठलं मिळायला? घरात रिमोटसुद्धा माझ्या हातात कोणी देत नाही, हे तू पाहिलेलंच आहेस. पण त्याच आठवड्यात कॉलेजच्या एका कर्लिंग संघाचा (हो, तुझाच तो बर्फावर दगड सरकवायचा खेळ) कप्तान नोकरीसाठी आल्बर्टाला निघून गेला, आणि त्यांना नवा माणूस हवा होता. मी सहज म्हणून चौकशीला गेलो. संघात तिघं होती: ब्रिन नावाची उपकप्तान, जी चालायला लागली तेव्हापासून बर्फावर आहे, आणि फ्रीसन बंधू कोरी आणि डेन, जे दोघं मिळून दिवसाला साधारण एक वाक्य बोलतात. ब्रिनने माझं नाव विचारलं. मी म्हणालो, लायल ह्रिंकिव. तिचा चेहराच बदलला. म्हणाली, “व्हाइटपूलचे ह्रिंकिव? स्टेफी ह्रिंकिव कोण तुझी?” मी म्हटलं, सख्खी आत्या. झालं! तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मी कप्तान झालो. तुला कर्लिंग येतं का, हे कोणी विचारलंच नाही. आता तू म्हणशील, मेल्या, तू सांगायचंस. अगं, मी खोटं एक अक्षर बोललो नाही. फक्त पुढचं वाक्य गिळलं.

पुढचं वाक्य तुला ठाऊकच आहे. आपल्या घराण्यात झाडू धरता न येणारा मी एकटा. तू अख्ख्या प्रांतात नाव काढलंस, तुझा फोटो व्हाइटपूलच्या बर्फाच्या रिंकवर घड्याळाच्या शेजारी लावलाय, आणि मी तुझे सगळे सामने वरच्या गरम खोलीतून काचेआडून, चिप्स खात बघितले. दर हिवाळ्यात तू म्हणायचीस, “खाली ये रे, दगड टाकून तरी बघ.” दर हिवाळ्यात मला तेव्हाच नेमकी सर्दी व्हायची.

पण कप्तानाचं काम लांबून फार सोपं दिसतं गं. पलीकडच्या टोकाला वर्तुळात झाडू टेकवून, दगड कुठे नेम धरून सोडायचा ते दाखवत उभं राहायचं. इकडून गडी तो भला जड दगड बर्फावरून सोडतो, दोघं झाडू घेऊन त्याच्यापुढे बर्फ घासत धावतात, आणि कप्तानाने नुसतं ओरडायचं. ओरडायला काय, मीही ओरडू शकतो. शिवाय सगळे माझ्याकडे बघतायत, सगळे माझ्याच दिशेने येतायत, म्हणजे मी सर्वांच्या पुढे, हे उघडच होतं. लगेच खोलीवर जाऊन मी व्याख्या लिहून काढली: नेता म्हणजे जो सर्वांच्या पुढे उभा असतो. आरशावर चिकटवली. दाढी करताना वाचायचो आणि अंगावर मूठभर मांस चढायचं.

आणि मजा म्हणजे आम्ही जिंकायला लागलो! मी झाडू टेकवायचो, ब्रिन त्याच्याकडे बघून अदबीने मान हलवायची, आणि दगड भलतीकडेच सोडायची. तो जाऊन नेमका हवा तिथे थांबायचा. मला वाटायचं, माझ्या मनातलं तिला न बोलता कळतं. मी ‘घासा, घासा’ म्हणून बोंब मारली की फ्रीसन बंधू शांतपणे झाडू वर उचलायचे, आणि मी दम घ्यायला थांबलो की घासायला लागायचे. मी ठरवलं, नेतृत्व मुरलं की असंच होत असणार. व्याख्या सुधारून घेतली: नेता म्हणजे ज्याच्या नुसत्या असण्याने कामं होतात. (आत्या, हसू नकोस. गुडघ्याला ताण पडेल.) पुढे कळलं, की पहिल्याच दिवशी माझं दगड टाकणं बघून तिघांनी गाडीत बसून ठरवलं होतं: याला काही येत नाही, पण नावामुळे समोरचे संघ बिचकतात, तर ठेवू या. म्हणजे मी कप्तान नव्हतो, मी तुझा फोटो होतो.

असे जिंकत जिंकत आम्ही विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात पोचलो. जो जिंकेल तो प्रांताच्या स्पर्धेला मूस जॉला जाणार. ब्रिनचं हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष, आणि तिच्या आजीसकट सगळे मूस जॉला यायला निघालेले. एकच डाव उरलेला आणि आम्ही एका गुणाने पुढे. सातव्या डावाचा शेवटचा दगड समोरच्या संघाच्या कप्तानाने, मॅलरीने, असा काही फिरवून आणला की माझ्या तोंडून वाहवा निघून गेली. आणि नेमकं त्याच आठवड्यात पेल्की वर्गात म्हणाले होते, की खरा नेता प्रतिस्पर्ध्याचाही मान राखतो. मला ते इतकं पटलं होतं, की आरशावर तिसरी चिठ्ठी लागली होती. मग काय! मी पुढे झालो, उजव्या हाताचा मोजा काढला, आणि मॅलरीपुढे हात केला.

तू आत्ता कपाळावर हात मारला असशील. मार. मला खरंच माहीत नव्हतं गं! तुम्ही सगळे सामना संपल्यावर हात मिळवायचात ते मी काचेतून बघितलं होतं, पण डाव शिल्लक असताना मोजा काढून हात पुढे केला म्हणजे ‘आम्ही हरलो’ असा त्याचा अर्थ होतो, हे चिप्स खाताना कोण सांगणार? मॅलरी भली पोरगी. तिने फलकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, “नक्की ना?”

मी म्हणालो, “अगदी मनापासून.”

तिने हात मिळवला. तिच्या संघाने मोजे काढले. फ्रीसन बंधूंवर संस्कार असे, की कोणी हात पुढे केला तर तो रिकामा परत जाऊ द्यायचा नाही. तेही सगळ्यांचे हात हलवून मोकळे झाले. ब्रिन पाठमोरी दगड गोळा करत होती. ती वळली तेव्हा बर्फावर जिकडेतिकडे लोक माझं अभिनंदन केल्यासारखे हसत होते, आणि मी मान लववून सगळ्यांचं स्वागत करत होतो. तिच्या हातातला झाडू खाली पडला. तिने रिंकवाल्याला हाक मारली, पण एकदा मिळवलेला हात काही परत घेता येत नाही, आणि रिंकवाला तर पुढच्या, म्हाताऱ्यांच्या सामन्यासाठी बर्फावर पाणी शिंपडायला लागलाही होता.

यापुढचं लिहायला जड जातंय. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना एका टेबलावर बसवून प्यायला द्यायचं, ही आपल्याकडची रीत. त्या दिवशी ती रीत कोणी काढली त्याला मी मनातल्या मनात फार शिव्या घातल्या. मॅलरीने सगळ्यांसाठी बिअर मागवली आणि न राहवून विचारलं, की पुढे असताना तुम्ही सोडलंत का? मी घसा साफ केला. खरं सांगतो आत्या, माझ्या डोक्यात आख्खं भाषण तयार होतं, प्रतिस्पर्ध्याचा मान, खेळाडूपणा, सगळं. तोंड उघडणार एवढ्यात ब्रिन म्हणाली, “माझा खांदा गेला होता. मीच त्याला सांगितलं.” आणि ग्लासात बघत बसली. तिचा खांदा ठणठणीत होता. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली, की माझी बिअर मी कोरीपुढे सरकवली. येताना तिच्याच गाडीतून आलो. वाटेत तिने रेडिओ मोठ्याने लावला. माझ्या वसतिगृहापाशी गाडी थांबवली आणि म्हणाली, “उतर.”

त्यानंतर ती मला दिसली की रस्ता ओलांडायची. आरशावरच्या तिन्ही चिठ्ठ्या मी फाडून टाकल्या. नेतृत्वाचं सोड, मला त्या तिघांबरोबर खेळायची सवय झाली होती. माझ्या गाढवपणासकट मला कोणीतरी दर मंगळवारी सरावाला जाताना गाडीत घेत होतं, हे मला गाडी यायची थांबल्यावर कळलं.

पण साक्षीदार तर हवा. फ्रीसन बंधूंना विचारण्यात अर्थ नव्हता, वर्ग संपेपर्यंत त्यांचं पहिलं वाक्य झालं नसतं. शेवटी धीर करून कॉलेजच्या काचघरात गेलो. ब्रिन तिथे मोहरीची रोपं मोजते. मी आधी माफी मागितली, सरळ, भाषण न करता. मग साक्षीचं सांगितलं. तिने रोपावरची नजर काढली नाही. म्हणाली, “कधी?” मी म्हटलं, गुरुवारी. म्हणाली, “बघते.”

आली. मागच्या बाकावर अंगातला कोट न काढता बसली. मी नवीन व्याख्या वाचली: नेता म्हणजे जो दुसऱ्याच्या चुकीचं खापर आपल्या डोक्यावर फोडून घेतो. आणि मग, मी नव्हे, ब्रिनच आमची खरी नेता कशी, ते सांगितलं. माझे डोळे भरून आले होते, पुढच्या बाकावरची एक मुलगी रुमाल शोधत होती. पेल्कींनी साक्षीदाराला विचारलं, हे खरं का?

ब्रिन म्हणाली, “नाही. खापर-बिपर काही नाही. मी बोलले नसते तर हा भाषण करत बसला असता, आणि मला घरी जायचं होतं.”

वर्ग इतका हसला, की शेजारच्या वर्गातले लोक दारात आले. पेल्कींनी हसू दाबत तिला विचारलं, मग तुमची व्याख्या काय? ती म्हणाली, व्याख्या वगैरे मला कळत नाही. माणसाने सगळा घोळ घालून झाल्यावरही पुन्हा बोलावलं तर लोक येतात का, एवढं बघायचं. पेल्की म्हणाले, “याने बोलावलं आणि तुम्ही आलात.” ब्रिन कोटाची बटणं लावत म्हणाली की इमारतीसमोर पार्किंग रिकामं दिसलं म्हणून आले. पेल्कींनी मला पास केलं. शेरा लिहिला: व्याख्या चुकीची, साक्षीदार उत्तम.

बाकी ठीक. गुडघ्याला जप. काकांना नमस्कार, मांजरीला नुसती आठवण.

तुझा,
लायल

ता. क. खास कारण नाही असं वर लिहिलंय ते खोटं आहे. पुढच्या मोसमात ब्रिन कॉलेज सोडून शहराच्या संघात खेळणार आहे. कप्तान ती, फ्रीसन बंधूही तिच्याबरोबर. मी विचारलं, मला घ्याल का? ती म्हणाली, नीट घासायला शिकून आलास तर बघू. मला त्यात यायचंय आत्या, फार. या शनिवारी आलो तर शिकवशील? तू बर्फावर नको उतरूस, कडेला खुर्ची टाकून बसून ओरड. या वेळी मला सर्दी होणार नाही.

ता. क. २. पत्र पेटीत टाकायला ब्रिनकडे देतोय. ती त्याच बाजूला निघाली आहे. मी पाकीट चिकटवलेलं नाही, तिच्याकडे डिंक आहे म्हणाली.

ता. क. ३. श्रीमती ह्रिंकिव, हे मी लिहिते आहे, ब्रिन. पत्र वाचलं, माफ करा. त्याला शिकवा, पण तो शिकला नाही तरी चालेल. मंगळवारी त्याला घ्यायला गाडी जाणार आहे, हे आमचं तिघांचं ठरलंय. एवढं मात्र त्याला सांगू नका, नाहीतर तो लगेच व्याख्या करायला बसेल.