भिंतीतली खोली

बाबा, परवा मी ती गढी पाहून आले. स्कॉटलंडमधली, तुमच्या साहेबांच्या पूर्वजांची. कुवेतला हवल्लीतल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर तुम्ही साहेबांकडून ऐकून तिचे नकाशे काढत बसायचात आणि ताटं काय डोक्यावर मांडू, म्हणून आई कुरकुरायची. तळाला कमानदार छताचं कोठार, त्यावर दिवाणखाना, कोपऱ्यातून वर जाणारा गोल जिना. पुढे कुणा नातवाने बाजूला भाग जोडला आणि घर काटकोनात वळलं. मोठ्या खिडक्या त्याहून उशिरा, हल्ल्यांची भीती सरल्यावर फोडलेल्या. दिवाणखान्याच्या वर भिंतीच्या जाडीतच लपायची खोली आहे, असं साहेब म्हणाले तेव्हा तुम्ही तिला खिडकी आहे का, एवढंच विचारलंत. होती. मग बाहेरून खिडक्या मोजणाऱ्याला कळणारच, म्हणालात.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य शिरलं, गोऱ्यांना धरून नेऊ लागलं, आणि साहेब आपल्याकडे आले. ओळखीचे सगळे भारतात निघाले होते, आईलाही निघायचं होतं. "त्यांना कुणाच्या भरवशावर सोडू?" तुम्ही म्हणालात. मला तुमचा फार राग आला होता. साहेबांना अडगळीच्या खोलीत ठेवून तुम्ही दारापुढे कपाट सरकवलंत. तिची खिडकी रस्त्यावरून दिसायची, म्हणून आईने तिच्यावर बाहेरून साडी वाळत घालायची, असं ठरलं.

एका संध्याकाळी आईने साडी आत घेतली. तिन्हीसांजेनंतर कपडे बाहेर ठेवायचे नाहीत, ही तिची माहेरची सवय. हात आपोआप गेला. नेमके तेव्हाच शिपाई आले. खालून तीन खिडक्या दिसतात, आत दोनच, तिसरी कुठली, असं एकाने विचारलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. आई साडीची घडी घालतेच आहे. तोंडावर खरं बोलण्याबद्दल ऑफिसात बदनाम असलेले तुम्ही, नेहमीच्याच आवाजात अरबीतून सांगता, "बाथरूमची आहे." तो पाणी पिऊन गेला. आईला तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून साडी रात्रीही बाहेर राहू लागली.

डिसेंबरात गोऱ्यांना सोडलं. साहेब मायदेशी गेले, मग आपण निघालो. नकाशा तुम्ही पुढच्या वर्षी ठाण्याला पुरा करून त्यांना पाठवलात.

तो आता तिथे दिवाणखान्यात फ्रेम करून लावला आहे. साहेबांच्या सूनबाईंनी कौतुकाने दाखवला. सगळं बिनचूक आहे, म्हणाल्या, फक्त भिंतीतली ती खोली नाही. तिथे भरीव भिंत आहे, बाहेरच्या बाजूला खिडकीही काढलेली नाही. तुमच्या वडिलांची नजरचूक झाली असेल का, असं त्यांनी विचारलं.

तुमच्याकडून एक रेघ कधी राहिली नाही, बाबा. अशी खोली कागदावर असू नये, हे तुम्हाला हवल्लीत कळलं होतं, आणि त्या भिंतीपुढे मला तुमचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. पण बाईंना मी तुमच्याच आवाजात म्हणाले, "झाली असेल."