मास्तरांची साक्ष

४ फेब्रुवारी, रविवार

खोटं बोलले. तेही उपासनेत, सगळ्यांसमोर उभी राहून!

साक्षीची वेळ होती, प्रभूने काय केलं ते ज्याने त्याने उठून सांगायची. वहिनी नेहमीप्रमाणे पहिली उठली — या महिन्यात तिच्यामुळे आणखी एक बाई मंडळीत यायला लागलीय. वहिनी भाजी आणायला जाते आणि माणूस घेऊन येते! मी सहा वर्षं येतेय, माझ्यामुळे एक मांजरसुद्धा आलं नाही. आमच्या चर्चच्या पाळकांनी सहज माझ्याकडे पाहिलं. आणि मी उठलेच. म्हटलं, हॉस्पिटलात माझ्या वॉर्डातल्या अकरा नंबर खाटेवरच्या मास्तरांनी प्रभूला स्वीकारलं. हात जोडले, डोळ्यांतून पाणी आलं, म्हणाले, "आता मला मरणाची भीती नाही."

टाळ्या झाल्या. वहिनीने मिठी मारली. दादाने डोळे पुसले.

मास्तर यातलं काहीही बोललेले नाहीत. मी विचारलं होतं, "प्रभूवर विश्वास ठेवाल का?" ते म्हणाले, "आधी पाणी दे." पाणी पिऊन म्हणाले, "बघू." बस्स. बाकीचं सगळं माझ्या पदरचं.

५ फेब्रुवारी, सोमवार

कामावर गेले. मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझ्या कोटाची डावी बाही अर्धा इंच लांब आहे. कुणी शिवला हा?"

आठ महिने कामावर घालतेय तो कोट, कुणाला दिसलं नव्हतं! चाळीस वर्षं मशीनवर बसलेला शिंपी. पोटात गाठ, हाडाला कातडी चिकटलेली, पण नजर चुकत नाही. बायको कधीच गेली, मूलबाळ नाही.

आमच्या वॉर्डातून कुणी बरं होऊन घरी जात नाही. डॉक्टर दुखणं थोपवतात, आम्ही आया अंग पुसतो, कूस बदलतो, चमच्याने पाणी पाजतो. पडद्यापलीकडे बारा नंबरला एक बसड्रायव्हर आहे. भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. तीन आठवड्यांत एक शब्द नाही. ऐकू येतं की नाही, कुणास ठाऊक.

मास्तरांच्या नजरेला नजर देता आली नाही आज.

७ फेब्रुवारी, बुधवार

पाळकांचा फोन. रविवारी उपासना झाली की आठ-दहा जण मास्तरांना भेटायला येणार. फुलं आणणार. गाणंही म्हणणार! "त्यांच्याच तोंडून ऐकायचंय, ताई."

"बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता एकच वाट दिसते. रविवारच्या आत मास्तरांनी खरोखर 'हो' म्हणायचं. मग मी खोटी ठरत नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आज हात धुऊन मागे लागले त्यांच्या. अंग पुसताना प्रभू, कूस बदलताना प्रभू, उशी नीट करताना प्रभू. मग पाण्याचा चमचा ओठांपर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला — "आधी माझं ऐका."

हो, हे मी केलं. घसा कोरडा पडलेल्या माणसाचा चमचा अडवला.

त्यांनी नुसतं पाहिलं. मग मी दिलं पाणी. अर्धं उशीवर सांडलं.

सेवा म्हणे!

९ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रार्थनेला बसले. एक शब्द फुटेना.

१० फेब्रुवारी, शनिवार

दुपारी मास्तरांना जरा बरं वाटत होतं. चमच्याचं काही बोलले नाहीत. म्हणाले, "तो कोट काढ, सुई-दोरा आण. ती बाही बघवत नाही मला." त्यांचे हात थरथरतात, म्हणून काम मी करायचं, सांगायचं त्यांनी. मी बाही दुमडून वरूनच टाका घालायला गेले.

"तसं नाही. आधी उसव. चुकलेल्या शिलाईवर दुसरी शिलाई घातलीस की कापड ओढतं. मग कितीही इस्त्री फिरव."

मी उसवायला बसले. आणि उसवता उसवताच सांगून टाकलं. साक्षीचं, टाळ्यांचं, उद्याच्या फुलांचं, चमचा का अडवला त्याचं. सगळं.

मला वाटलं होतं, ते विरघळतील. खरं बोललं की समोरचा विरघळतो, मग प्रभूचंही ऐकतो — म्हणजे त्यातही माझा डाव होताच! किती खोल मुरलंय हे माझ्यात.

मास्तर म्हणाले, "माझ्या मरणावर टाळ्या घेतल्यास."

"चुकले, मास्तर. प्रभूच्या पाया पडले, पण तुमच्यापाशी यायची हिंमत होत नव्हती. माफ करा मला."

"जा."

अर्धी उसवलेली बाही लोंबत होती. तसाच कोट चढवला आणि पुढच्या खाटेकडे गेले.

११ फेब्रुवारी, रविवार

साक्षीच्या वेळी पुन्हा उठले. खरं काय ते चार वाक्यांत सांगितलं आणि खाली बसले. वहिनी मांडीकडे बघत राहिली. दादा उठून बाहेर गेला. मागून कुणीतरी कुजबुजलं, "मग या फुलांचं काय करायचं?"

पाळक चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं! दाराशी हळूच म्हणाले, "ताई, माणसाला तारायचं काम प्रभूने करून ठेवलंय, ते तुम्ही तुमच्या हाताने करायला निघालात. तो पुरेसा नव्हता का?"

घरी येईपर्यंत डोकं तापलं. बोलायला काय जातं यांचं! कधी धरलाय का मरणाऱ्या माणसापुढे चमचा? मग राग उतरला आणि रडू आलं. कारण खरंच नव्हता पुरेसा. मला वहिनीची मिठी हवी होती.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तर माझ्या हातून पाणी घेत नाहीत. मी गेले की ओठ मिटून घेतात. दुसऱ्या आयाला बोलवावं लागतं. ती म्हणते, "असं काय केलंस गं त्यांना?"

१५ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तर गेले. दुपारी सव्वातीन वाजता. जवळ मीच होते.

शेवटी कापूस ओला करून ओठांना लावला. त्यांनी ओठ मिटले नाहीत. माफ केलं, की मिटायची ताकदच उरली नव्हती? काय लिहावंसं वाटतंय ते मला चांगलं कळतंय. लिहिणार नाही. मला माहीत नाही.

अंग पुसलं. शर्ट घातला. दोन्ही बाह्या सारख्या करून ठेवल्या.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनी आली होती. कडवट बोलली नाही. जाताना मात्र विचारलंच, "शेवटी काही म्हणाले का गं?"

"माहीत नाही," म्हटलं. पुढे काही जोडलं नाही.

ती गेल्यावर प्रभूला म्हटलं, मास्तरांना आता तूच बघ. माझ्याच्याने झालं नाही. होणारही नव्हतं. मी जिथे वाट अडवून उभी होते, तिथूनसुद्धा तो आत जाऊ शकतो — एवढंच धरून बसलेय. फार घट्ट नाही धरता येत. पण सोडलेलं नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

अकरा नंबरवर धुतलेली चादर घालत होते. पडद्यापलीकडून आवाज आला, खरखरीत. "ताई, त्या शनिवारी तू शिंप्याला सगळं सांगितलंस. मी ऐकत होतो."

बारा नंबर! पडदा सारला.

"तो तुला 'जा' म्हणाला. तुझा प्रभू पण 'जा' म्हणाला का?"

"नाही. तो नाही म्हणाला."

त्याने हळूहळू तोंड भिंतीकडून माझ्याकडे वळवलं. "मग बस जरा. माझ्या बसखाली एक जण... अजून कुणाला सांगितलेलं नाही."

स्टूल ओढून बसले. त्याला पाणी हवं होतं, चमच्याने दिलं. मी एक शब्दही बोलले नाही.