जस्ताचा एक हात जास्त

१२ मार्च

ती. दादास,

साष्टांग नमस्कार घालायला कंबर तयार नाही, तेव्हा उभ्याउभ्या केलेलाच गोड मानून घे. वि. वि.

तोंड आल्यामुळे तुला बोलता येत नाही, असं वहिनी म्हणाली. घराला शांतता हवीच होती, पण तेवढ्यासाठी रक्ताचा कर्करोग करून घ्यायची गरज नव्हती. फोनवर तू नुसता हुंकार देणार आणि मी एकटीच बडबडणार, त्यापेक्षा पत्रं बरी.

तुझ्या रक्ताची नळी परवा आमच्या प्रयोगशाळेत पोचली. तुझ्यासारख्या रुग्णांच्या रक्तात तांबं, जस्त आणि सेलेनियम किती आहे हे मोजायचं काम सध्या माझ्या टेबलावर आहे. हे धातू रक्तात असतात अगदी नावापुरते, पण त्यांच्यावाचून शरीराचं पान हलत नाही. तुझा निकाल असा: तांबं चढलेलं, जस्त पार तळाला. तुझ्या वॉर्डातल्या बहुतेकांचं असंच आहे, तेव्हा इथेही तू काही वेगळं करून दाखवलं नाहीस. पण गंमत बघ, जन्मभर लोकांच्या डोक्यावर जस्ती पत्रे ठोकलेस आणि स्वतःच्या अंगात चिमूटभर जस्त शिल्लक ठेवलं नाहीस!

रोग हटला की हे आकडे बहुतेकदा आपापल्या जागेवर येतात. ते नेमके कशाने बिघडतात हे अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. आम्ही फक्त मोजतो. तू फक्त बरा हो.

मायेत घट नसावी.

तुझी
रक्तपिपासू बहीण

२ एप्रिल

चि. रक्तपिपासूस,

अनेक आशीर्वाद. त्यातले दोन-चार आधी वापरून झालेले आहेत, चालवून घे.

सुई डाव्या हाताला आहे, म्हणून अक्षर अजून माणसात आहे. डोक्यावर एक केस उरलेला नाही. आरशात बघितलं की पालथा घातलेला टोप बघितल्यासारखं वाटतं. तुझी वहिनी म्हणते, घासायला सोपा.

इथल्या डॉक्टरीणबाई इतक्या उंच आहेत की त्या आत आल्या की माझं लक्ष आधी दाराच्या चौकटीकडे जातं. मी त्यांना शिडी म्हणतो. आधी मनातल्या मनात म्हणायचो, एकदा औषधाच्या गुंगीत तोंडावर म्हणालो. त्या म्हणाल्या की शिडीवर चढायची सवय असेल तर बरंच आहे, आता खाली बघू नका. बाई चांगली आहे. शेजारच्या खाटेवर क्रिकेटचा एक निवृत्त अंपायर आहे. जेवणाचं ताट आलं की तो दोन्ही हात पसरून वाईड देतो. सुई टोचणाऱ्या पोरीला नो-बॉल. आम्ही दोघं रोज सकाळी एकमेकांचे आकडे विचारतो, आणि ज्याचे वाईट असतील त्याला दुसरा आपला पेपर आधी वाचायला देतो.

तुझं जस्ताचं वाचून विचारात पडलो. लोखंडाचा पत्रा गंजतो तो वरचा जस्ताचा थर उडाला म्हणजे. आधी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, मग बघता बघता भोक. हे मला कुणी शिकवायला नको. तुम्ही मोजत बसा. मला गंजलेला पत्रा दिसला की हात शिवशिवतात. मी माझी व्यवस्था बघतो. काय ते विचारू नकोस.

प्रेम आहे तितकं पुरे, फार दाखवू नकोस, पंचाईत होते.

तुझा
टकलू दादा

११ एप्रिल

ती. दादास,

नमस्कार, आणि लगेच प्रश्न. कसली व्यवस्था?

मी गंमत केली होती, औषध सांगितलं नव्हतं. माणूस म्हणजे छप्पर नव्हे. काही घेत असशील तर आधी शिडीबाईंच्या कानावर घाल. मला उलट टपाली कळव, आणि विनोद न करता कळव. जमेल का?

काळजी करणारी म्हणून तरी आठवण ठेव.

बहीण

१८ जुलै

चि. बहिणीस,

भरघोस आशीर्वाद.

आधी बातमी. रक्तात आणि हाडांतल्या मज्जेत रोग दिसत नाही. मी घरी आलो आहे. पहिल्या दिवशी तुझ्या वहिनीने मला काचेच्या भांड्यासारखं जपलं, तिसऱ्या दिवशी ओला टॉवेल पलंगावर टाकल्याबद्दल झापलं. म्हणजे मी बरा झालो.

अंपायर गेला. मी तपासणीला वॉर्डात गेलो, तेव्हा त्याच्या खाटेवर भलताच माणूस पेपर वाचत बसला होता. सिस्टरला विचारलं तर तिने चादर नीट केली, जी आधीच नीट होती. आमचे आकडे बरोबरीने चालले होते. त्याचा रोग उलटला आणि माझा नाही, एवढाच फरक. यावर काही विनोद सुचतो का म्हणून बराच वेळ बाकावर बसलो. नाही सुचला.

घरी आलो आणि थरावर आणखी एक हात फिरवला. तुझ्या एप्रिलच्या प्रश्नाला हेच उत्तर समज. मी सगळं नीट करतो आहे.

आठवण ठेवतो, तू राग ठेवू नकोस.

दादा

४ ऑक्टोबर

धाकट्या वन्सं यांस,

सप्रेम नमस्कार. हे झोपले आहेत तेवढ्यात लिहिते.

यांचं बरं चाललं होतं, पण महिन्याभरापासून सगळं पुन्हा उतरणीला लागलंय. चेहरा भिंतीच्या रंगाचा झालाय. जिना चढताना मध्येच थांबतात आणि कठडा तपासतोय असं सोंग करतात. तळपायांना मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. परवाच्या तपासणीत लाल आणि पांढऱ्या, दोन्ही पेशी फार घटलेल्या निघाल्या. शिडीबाई म्हणाल्या की रोग परतलाय का हे मज्जा काढूनच बघावं लागेल. त्यावर यांनी विचारलं की केस पुन्हा जाणार का, कारण आत्ताच कंगवा घेतलाय. त्या हसल्या, मीही हसले. मग मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं.

आजार हटल्यावर घ्यायची दुसरी नळी आज तुमच्याकडे पाठवली आहे. तुमचं मोजणं आमच्या काही उपयोगाचं असेल तर लवकर सांगा. नसेल तरी पत्र पाठवा.

तुमची
वहिनी

९ ऑक्टोबर

ती. दादास,

नमस्कार या वेळी राखून ठेवते आहे.

तुझी नळी मी दोनदा तपासली. आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग दुसऱ्याच्या रक्ताने यंत्र तपासलं, ते ठीक होतं. दादा, तुझ्या रक्तात जस्त इतकं आहे की तुला उन्हात उभा केला तर शेजारी डोळे मिटून घेतील. आणि तांबं जवळपास नाहीच. कुठल्याही रोगाने असे आकडे येत नाहीत. असे आकडे माणूस स्वतःच्या हाताने आणतो.

मी वहिनीला फोन केला. तिने तुझ्या हत्यारांच्या पेटीत पाहिलं. पान्यांच्या आणि पकडींच्या खाली जस्ताच्या गोळ्यांचे चार डबे सापडले, त्यातले तीन रिकामे. जुलैच्या पत्रातला तुझा ‘थर’ मला तेव्हाच कळायला हवा होता.

आता नीट वाच. पोटात जस्ताची एवढी गर्दी झाली की तांब्याला आत शिरायला वाटच राहत नाही. आणि तांब्याशिवाय मज्जेला रक्त घडवता येत नाही. तुझे आकडे पडले, पायांना मुंग्या आल्या, ते यामुळे असण्याचा पुष्कळ संभव आहे. मी लगेच शिडीबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या की बाहेरचं काय घेता हे आपण एकदा विचारलं होतं आणि तू ‘लोकांच्या शिव्या’ एवढंच उत्तर दिलं होतंस. मज्जा तरीही काढावीच लागेल. रोग परतला नसेलच असं मी म्हणत नाही, दादा. पण आता आशेला जागा आहे.

तोपर्यंत एकही गोळी तोंडात टाकलीस तर मी तिथे येऊन राहीन. कायमची. गाण्याच्या रियाजासकट.

बहीण

१६ ऑक्टोबर

चि. बहिणीस,

आशीर्वाद. घेशील की नाही ठाऊक नाही.

मज्जा काढली. पालथं झोपवून कमरेच्या हाडात सुई घालतात. शिडीबाईंना म्हटलं की एवढ्या जोराने तर मी पत्र्यालाही भोक पाडत नाही. निकाल यायचा आहे.

तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. ताट समोर ठेवते आणि समोरच्या भिंतीला सांगते की जेवायला वाढलंय. भिंत बिचारी उपाशीच राहते.

मी का केलं ते सांगतो, एकदाच सांगतो. वॉर्डात सगळं दुसरे करत होते. सुई दुसऱ्याची, औषध दुसऱ्याचं, अंघोळसुद्धा दुसऱ्याच्या हातची. मी नुसता पडलेला. ती गोळी तेवढी मी माझ्या हाताने, माझ्या अकलेने घेत होतो. अंपायर गेला तेव्हा फार घाबरलो. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ती काढून घेतली असती, आणि मग माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नसतं. अक्कल चुलीत गेली हे कबूल. पण तेव्हा ती एकटीच माझ्या बाजूने होती.

निकाल काहीही आला तरी मला आधी सांगा, भिंतीला नको.

दादा

५ डिसेंबर

ती. दादास,

राखून ठेवलेले सगळे नमस्कार आज एकदम घे.

मज्जेत रोग नाही हे कळल्यापासून मी तुझ्यावर मनसोक्त चिडू शकते आहे, फार बरं वाटतं. तांब्याचं औषध लागू पडलं. शिडीबाईंनी पाठवलेले नवे आकडे पाहिले: लाल पेशी वर, पांढऱ्या वर, तांबं आपल्या जागी. पायांचं मात्र हळूहळू सुधारेल, कदाचित पुरतं नाही, असं त्या म्हणाल्या. शिडीवर चढणं बंद. खऱ्या शिडीवर, म्हणते मी.

आणखी एक. आमच्या साहेबांनी तुला अभ्यासातून काढून टाकलं. म्हणाले, या गृहस्थांचे आकडे रोगाबद्दल काही सांगत नाहीत, फक्त गृहस्थांबद्दल सांगतात.

माया आहे, मोजून पाहिली, भरपूर निघाली.

बहीण

२० डिसेंबर

चि. बहिणीस,

ताजे, न वापरलेले आशीर्वाद.

साहेबांना सांग, शाळेतून काढलं तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

तुझी वहिनी बोलायला लागली आहे. दोन महिन्यांचं साठलेलं सलग बोलली. मी ऐकून घेतलं.

परवा कामावर गेलो. पायाला पायरी कळत नाही, म्हणून खालीच खुर्ची टाकून बसलो आणि वर काम करणाऱ्यांना ओरडत राहिलो. एकाने पत्रा उलटा लावला. जन्मात कधी खाली बसून छप्पर पाहिलं नव्हतं. पहिला तासभर शिडीकडे बघणं टाळलं. मग दुसऱ्याने पत्रा तिरका लावला, आणि शिडीची आठवणच राहिली नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तुझ्याकडे येतो आहोत. शिडीबाईंची परवानगी आहे. रियाज मात्र आम्ही असेपर्यंत बंद ठेव.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवायचा असेल तर आधी शिडीबाईंना विचार.

तुझा
दादा