सूर मारायचा नाही

रविवार, ९ मे. दुपारी साडेचार वाजता, गेवराईच्या मैदानावर, मी माझ्या खो-खोच्या मुलींना सगळ्यांदेखत ‘भित्र्या’ म्हणाले.

अंतिम सामना हरलो होतो. स्पर्धा भरवणाऱ्या साखर कारखान्याने या दुष्काळात टँकरने मैदान भिजवलेलं. त्या मऊ मातीवर समोरच्या मुली बिनधास्त सूर मारत होत्या. आमची एकही मारेना. “गुडघ्यांना मेंदी लावलीय का गं?” मी ओरडले.

कर्णधार रुक्मिणी हळूच म्हणाली, “बाई, तुमीच म्हणल्या व्हत्या, सूर मारायचा न्हाई. मारा म्हणून कवा सांगितलं?”

खरंच. आमच्या शिरूरला मैदानावर शिंपडायला पाणी कुठलं? जमीन दगडासारखी, म्हणून मीच वर्षभर सूर बंद केला होता. आज ओलं मैदान पाहून मी काय केलं? उधळपट्टीवरून कारखान्याच्या अध्यक्षांशी भांडत बसले. मुलींना सांगायचं राहिलं. माझं ऐकलं म्हणून हरल्या पोरी, आणि वर भित्र्या ठरल्या.

मी कॉन्व्हेंट शाळेत शिकवायचे तेव्हा चूक झाली की सिस्टर लेखी खुलासा मागत. आज मीच माझ्याकडे मागते: तर बाई, निवृत्त झालात म्हणून सुटका नाही. उद्या सरावाआधी, सकाळी सहाच्या आत लेखी उत्तर द्या: आज हरलं कोण? ‘विसरले’ एवढंच चालणार नाही. मुलींसमोर मोठ्याने वाचायचं आहे.