दाराशेजारची काळी पिशवी

धाकट्या बहिणीला, ओपलला, थोरलीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखात आहोत. तुझी कंबर कशी आहे? माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. मॅकेना घेवडा नि मक्याचा पाव मिटक्या मारत खाते, तेव्हा काळजी नको.

एकच गोष्ट. सरकारनं सांभाळायला ठेवलेली चार परकी घरं फिरून ही पोर माझ्याकडे आली, तेव्हा तिचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत होते. दीड वर्ष झालं, तरी ती पिशवी भरूनच दाराशी ठेवते. गुरुवारी सकाळी मी चुकून कचऱ्याबरोबर तीही बाहेर ठेवली!

कळलं तशी सपाता घालून कचऱ्याच्या गाडीमागे धावले.

"काय आजीबाई, सोनं टाकलंत की काय?" ड्रायव्हर हसला.

"सोनंच रे बाबा!"

पिशवी घेऊन परतले, तर मॅकेना बूट घालून दारात उभी. "माझी पिशवी बाहेर ठेवलीस," ती म्हणाली. "मला दुसऱ्या घरी न्यायला कधी येणार?"

रडली नाही गं. आता ती शाळेत असली, तरी मला तशीच दारात दिसते.

सोमवारी न्यायाधीश दत्तकाचा निकाल देतील. त्या पिशवीऐवजी तिला द्यायला तुझ्याकडे आईची सुटकेस मागणार होते, पण नको. सुटकेस म्हणजे पुन्हा निघणंच. त्यापेक्षा आईची ती जाड गोधडी पाठव. ती कुठल्याच पिशवीत मावत नाही.

सोमवारकडे डोळे लावून बसलेली,
तुझी मार्लिस